चौकटीवर नाव चढतं तेव्हा

२०१५ साल संपता संपता दोन बातम्या पाठोपाठ आल्या. २८ डिसेंबरला ‘मोटरहेड’ या ब्रिटिश बँडचा म्होरक्या लेमी किल्मिस्टर वारला. ३० डिसेंबरला रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘आययुपॅक’ने, आवर्तसारणीच्या सातव्या ओळीतल्या उरलेल्या चार जागांचा निकाल जाहीर केला. ११३, ११५, ११७ आणि ११८ या क्रमांकांची मूलद्रव्यं सापडल्याचं मान्य झालं. चारही अतिजड, आणि चारही बिननावाची. लेमी हे ‘हेवी मेटल’ ऐकणाऱ्यांचं दैवत. चाहत्यांनी दोन आणि दोन चार केले. एका नव्या जड धातूला ‘लेमियम’ म्हणा, अशी ऑनलाइन मागणी निघाली आणि तिच्यावर दीड लाखाहून जास्त सह्या पडल्या. कादंबरीकार टेरी प्रॅचेट त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. त्याच्या वाचकांनीही आपलं घोडं पुढे दामटलं. प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबऱ्यांमध्ये ‘ऑक्टरीन’ नावाचा एक काल्पनिक, जादूचा रंग आहे. ११७ क्रमांकाला तेच नाव द्या, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही नावं बाद झाली. सह्या कमी पडल्या म्हणून नव्हे. मूलद्रव्याचं नाव बहुमताने ठरतच नाही.

आययुपॅकच्या नियमानुसार नावाला पाच वाटांपैकी एकीनेच यावं लागतं. पुराणकथेतलं पात्र किंवा कल्पना (यातच ग्रह-ताऱ्यांसारख्या खगोलीय वस्तूही आल्या), खनिज किंवा तसाच एखादा पदार्थ, गाव किंवा प्रदेश, त्या मूलद्रव्याचा गुणधर्म, नाहीतर शास्त्रज्ञ. गायक आणि कादंबरीतला रंग यांतल्या कशातच बसत नाहीत. शिवाय नाव सुचवण्याचा पहिला हक्क ज्यांनी शोध लावला त्यांचा. तेही एकदम पक्कं होत नाही. सुचवलेलं नाव तपासलं जातं, मग जाहीर होतं, मग पाच महिने लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि त्यानंतरच मंजुरी मिळते. सातबाऱ्यावर नाव चढवताना तलाठी नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतीची मुदत सरेपर्यंत थांबतो आणि मग फेरफार मंजूर होतो, त्यातलाच हा प्रकार. सातबाऱ्यासारखीच इथली कलमंही सुखासुखी आलेली नाहीत. जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादं जुनं भांडण नाहीतर फसलेला दावा आहे.

पूर्वी असं काहीच नव्हतं. ज्याला सापडलं त्याने नाव द्यावं आणि बाकीच्यांनी ते वापरावं किंवा वापरू नये, एवढाच व्यवहार. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या एका बेटावर इटर्बी नावाचं खेडं आहे. १७८७ मध्ये तिथल्या खाणीत एक काळा, जड दगड मिळाला. त्या भागातल्या खनिजांतून पुढच्या शंभर वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी इतकी नवी मूलद्रव्यं वेगळी काढली, की या एका खेड्याच्या नावाची फोड करून चार नावं पाडली गेली : इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम. जगातल्या कोणत्याही राजधानीला एवढा मान मिळालेला नाही.

भारताचं नाव आवर्तसारणीत आडवाटेने आलं आहे. १८६३ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये फर्डिनांड राइख जस्ताच्या खनिजाची तपासणी करत होता. काम वर्णपटाचं, म्हणजे रंगांच्या रेघा ओळखण्याचं, आणि राइखला रंगच नीट दिसत नसत. म्हणून त्याने थिओडोर रिश्टर या सहकाऱ्याला वर्णपटदर्शकाशी बसवलं. रिश्टरला एक गर्द निळी रेघ दिसली, जी माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. तिचा रंग निळीसारखा, म्हणून नाव ठेवलं ‘इंडियम’. युरोपात निळीला ‘इंडिगो’ म्हणत, कारण ती भारतातून जात असे. आपल्या मोबाइलच्या स्पर्शपडद्यावर याच इंडियमच्या संयुगाचा पारदर्शक थर असतो.

भारताशी त्याहून जवळचा संबंध हेलियमचा, आणि तो कोकणात बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रेंच ज्योतिर्विद झांसेन ते पाहायला गुंटूरला आला होता. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणमला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, ती रेघ पाहिली आणि ती सोडियमची नाही असं ठरवलं. लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सांगितलं जातं आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर कार्यक्रमही होतात. लॉकियर विजयदुर्गाला आला हे खरंच, पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ त्या मोहिमेची आठवण आहेत. तोवर हेलियमचा शोध लागून तीस वर्षं होत आली होती आणि त्याआधी तीन वर्षं, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीने तो पृथ्वीवरच्या एका युरेनियम खनिजातूनही काढला होता.

‘हेलिऑस’ म्हणजे ग्रीक सूर्य, त्यावरून ‘हेलियम’. मात्र ‘इयम’ हे शेपूट लागलं ते तो धातू असेल या समजातून. हाती आल्यावर कळलं, की हा तर वायू, आणि तोही कोणात न मिसळणारा. तोपर्यंत नाव रुळलं होतं. निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन या बाकीच्या राजवायूंच्या नावांचा शेवट ‘ऑन’ने होतो, एकटा हेलियम धातूंच्या पंगतीत बसल्यासारखा राहिला. २०१६ पासून नियम पक्का आहे. पहिल्या ते सोळाव्या गणातल्या नव्या मूलद्रव्याला ‘इयम’, सतराव्या गणात ‘ईन’, अठराव्यात ‘ऑन’. प्रॅचेटच्या वाचकांना हे माहीत असावं; ‘ऑक्टरीन’चं शेपूट ११७ साठी अगदी बरोबर होतं.

शोधकाच्या मर्जीवर नाव सोडलं की संशयालाही जागा मिळते. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रांने नव्या धातूला ‘गॅलियम’ म्हटलं. गॉल हे फ्रान्सचं जुनं नाव, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की फ्रेंचमध्ये ‘ल कॉक’ म्हणजे कोंबडा आणि लॅटिनमध्ये कोंबड्याला म्हणतात ‘गॅलस’. म्हणजे पठ्ठ्याने देशाच्या आडून स्वतःचंच नाव लावून घेतलं की काय? त्याने तसं नसल्याचा लेखी खुलासा केला. तरी ही कुजबूज आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकांत टिकून आहे. गंमत म्हणजे याच गॅलियमला शोध लागण्यापूर्वीच एक नाव होतं. आवर्तसारणीचा जनक मेंडेलिव्ह याने सारणीतल्या मोकळ्या जागांना तात्पुरती नावं देताना संस्कृत अंक वापरले होते. अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या जागेला त्याने ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’ म्हटलं होतं.

मार्गरीट पेरीची गोष्ट वेगळी. मेरी क्यूरीच्या पॅरिसच्या संस्थेत १९३९ मध्ये तिने ८७ वं मूलद्रव्य शोधलं. ते सर्वांत सहज धन आयन, म्हणजे कॅटायन, होणारं असेल म्हणून तिला ‘कॅटियम’ नाव हवं होतं. मेरीची मुलगी इरेन जोलियो-क्यूरी हिला ते पटलं नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला यात आधी मांजर दिसेल, असं तिचं म्हणणं. मूलद्रव्य ‘फ्रान्सियम’ झालं.

हे सगळं घरातल्या घरात मिटण्याजोगं होतं. दोन शोधक दोन देशांतले असले की गोष्ट वेगळ्या थराला जाई. १९०७ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज उर्बेंने इटर्बियमच्या नमुन्यातून आणखी एक मूलद्रव्य वेगळं काढलं आणि पॅरिसच्या प्राचीन नावावरून त्याला ‘ल्युटेशियम’ म्हटलं. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखनेही तेच वेगळं केलं होतं. त्याने शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या पाश्चात्त्य नावावरून ‘कॅसिओपियम’ ठरवलं. दोघांनी एकमेकांवर नक्कल केल्याचे आरोप केले. १९०९ मध्ये अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने निवाडा उर्बेंच्या बाजूने दिला. त्या समितीत चार सदस्य होते आणि त्यांतला एक होता स्वतः उर्बें! जर्मन भाषक शास्त्रज्ञ त्यानंतरही कित्येक दशकं कॅसिओपियम आणि त्याची ‘सीपी’ ही संज्ञाच वापरत राहिले.

त्या भांडणाचा एक धागा थेट एकविसाव्या शतकात येतो. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या जीएसआय संस्थेने १९९६ मध्ये बनवलेल्या ११२ व्या मूलद्रव्याला २००९ मध्ये कोपर्निकसचं नाव सुचवलं आणि संज्ञा दिली ‘सीपी’. हरकतीच्या मुदतीत कॅसिओपियमची आठवण निघाली. शंभर वर्षांपूर्वीचे निबंध वाचणाऱ्याचा घोटाळा होईल, म्हणून कोपर्निसियमची संज्ञा ‘सीएन’ झाली. १९ फेब्रुवारी २०१० ला, कोपर्निकसच्या जन्मदिनी, नाव अधिकृत झालं.

एकदा वापरलेलं आणि मग बाद झालेलं नाव किंवा संज्ञा पुन्हा दुसऱ्याला द्यायची नाही, हा या क्षेत्रातला सर्वांत निर्दय नियम म्हणावा लागेल. त्याचा फटका बसला जपानला.

मासाताका ओगावा हा जपानी रसायनशास्त्रज्ञ लंडनला रॅम्झीच्या प्रयोगशाळेत शिकला. थोरियनाइट नावाच्या खनिजात त्याला काही वेगळं दिसलं. मायदेशी परतून त्याने काम पुढे नेलं आणि १९०८ मध्ये जाहीर केलं, की ४३ व्या जागेचं मूलद्रव्य मिळालं असून त्याचं नाव ‘निप्पोनियम’, संज्ञा ‘एनपी’. इतरांना ते सापडेना. दावा बारगळला. पुढे ४३ व्या जागेवर जर्मनीतल्या नोडॅक, टाके आणि बेर्ग यांनी १९२५ मध्ये ‘मासुरियम’ लिहून पाहिलं, तेही टिकलं नाही. शेवटी १९३७ मध्ये इटलीत पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए यांना ते मिळालं. पृथ्वीवर जवळजवळ नसलेलं, यंत्रात घडवावं लागलेलं पहिलं मूलद्रव्य, म्हणून नाव ‘टेक्निशियम’. ओगावाच्या नमुन्यांची पुढे अनेक वर्षांनी फेरतपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. त्याच्या हाती खरोखरच तेव्हा अज्ञात असलेलं मूलद्रव्य होतं, पण ते ४३ वं नव्हे, त्याच गणातलं त्याच्या खालचं, ७५ वं. आज त्याला आपण ऱ्हेनियम म्हणतो आणि ते शोधल्याचं श्रेय त्याच जर्मन त्रिकुटाकडे आहे. ओगावाने घर बरोबर गाठलं होतं, मजला चुकला. दरम्यान ‘एनपी’ ही संज्ञा नेपच्यूनियमने घेतली होती.

म्हणून ११३ व्या मूलद्रव्याचा मान जपानकडे आला तेव्हा ‘निप्पोनियम’ हे नाव उपलब्धच नव्हतं.

तो मान कसा मिळाला, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. टोकियोलगतच्या वाको शहरातल्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांचा गट जस्ताचे अणुगर्भ प्रचंड वेगाने बिस्मथच्या पातळ पापुद्र्यावर मारत होता. हिशेब साधा : जस्ताचे ३० प्रोटॉन, बिस्मथचे ८३, बेरीज ११३. टक्कर मात्र अब्जावधी वेळा फुकट जाते. दोन्ही गर्भ एकजीव होऊन टिकण्याचा प्रसंग विरळा, आणि झाला तरी तयार झालेला अणू काही सहस्रांश सेकंदात फुटतो. अणू कुणाला दिसत नाही. दिसते ती त्याच्या फुटण्याची माळ. तो एक अल्फा कण फेकतो आणि दोन प्रोटॉन गमावून १११ होतो, मग १०९, मग १०७. प्रत्येक पायरीची वेळ आणि ऊर्जा शोधक यंत्र टिपतं. पहिला अणू मिळाला २३ जुलै २००४ ला. दुसरा २ एप्रिल २००५ ला. त्यानंतर सात वर्षं काहीच नाही. यंत्र चालू, वीज जळते आहे, आलेखावर शुकशुकाट. तिसरा अणू आला १२ ऑगस्ट २०१२ ला, आणि या वेळी माळ आधीच्या दोन्हींपेक्षा लांब निघाली. सहा अल्फा कण फेकून ती चांगल्या ओळखीच्या मेंडेलेव्हियमपर्यंत पोचली. तळाशी ओळखीचा अणू सापडला की उलट मोजत वरचा क्रमांक निर्विवाद ठरतो. नऊ वर्षांत तीन अणू, एवढ्या भांडवलावर निवाडा झाला. ११३ वर रशियातल्या दुबना इथल्या प्रयोगशाळेचाही दावा होता, तरी श्रेय रिकेनला मिळालं. मग त्यांनी ‘निप्पोन’ सोडून देशाचं दुसरं नाव घेतलं, ‘निहोन’. मूलद्रव्य झालं ‘निहोनियम’. आशियात जन्मलेलं ते पहिलं. वाकोच्या रेल्वे स्थानकापासून रिकेनपर्यंतच्या रस्त्यालाही आता ‘निहोनियम’ नाव आहे.

पुराव्याबाबत एवढी ताणाताण करायलाही कारण घडलं होतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेने ११८ वं मूलद्रव्य मिळाल्याचं जाहीर केलं. इतरांना ते पुन्हा घडवता आलं नाही, बर्कलीलाही आलं नाही. नोंदी तपासल्या तेव्हा मूळ आकडेवारीतच फेरफार झाल्याचं निघालं आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. नाव तोवर ठेवलेलं नव्हतं, हे नशीब. स्वीडनमधल्या नोबेल संस्थेच्या १९५७ च्या दाव्याबाबत तसं झालं नव्हतं. त्यांनी १०२ व्याला ‘नोबेलियम’ म्हटलं, दावा चुकीचा ठरला, पण नाव तक्त्यांवर बसलं ते बसलंच.

आता सर्वांत मोठं भांडण. शीतयुद्धाच्या काळात शंभराच्या पुढची मूलद्रव्यं बनवू शकणाऱ्या प्रयोगशाळा मुख्यतः दोनच होत्या. एक बर्कलीची, दुसरी मॉस्कोच्या उत्तरेला व्होल्गाकाठी दुबनाची. सुरुवातीला थोडं औदार्यही दिसलं. १९५५ मध्ये बर्कलीने १०१ व्या मूलद्रव्याचे मोजून सतरा अणू बनवले आणि मेंडेलिव्हचं नाव द्यायचं ठरवलं. रशियन माणसाचं नाव अमेरिकी शोधाला द्यायचं, म्हणून बर्कलीच्या ग्लेन सीबोर्गने आधी आपल्या सरकारची संमती घेतली. पुढे ते औदार्य आटलं.

१९६४ मध्ये दुबनाने १०४ वं मिळाल्याचं सांगितलं आणि सोव्हिएत अणुबॉम्बचा सूत्रधार इगोर कुर्चातोव्ह याच्यावरून ‘कुर्चातोव्हियम’ नाव दिलं. बर्कलीने तो दावा अमान्य केला, १९६९ मध्ये स्वतःचा प्रयोग मांडला आणि नाव दिलं ‘रदरफोर्डियम’. १०५ व्याचंही तेच. तिकडे ‘नील्सबोऱ्हियम’, इकडे ‘हानियम’. १०६ व्यावर १९७४ मध्ये दोघांनीही हक्क सांगितला. पुढे दोन-अडीच दशकं सोव्हिएत शाळेतल्या मुलाने एक नाव पाठ करायचं आणि अमेरिकी मुलाने दुसरं, अशी स्थिती होती. १०७ ते १०९ क्रमांकांसाठी डार्मस्टाटचा जर्मन गट उतरला आणि सामना तिरंगी झाला.

आययुपॅकने १९७८ मध्ये एक मधला मार्ग काढला. जोवर वाद आहे तोवर क्रमांकालाच नाव समजायचं. शून्यासाठी निल, एकासाठी उन, दोनासाठी बाय, तिनासाठी ट्राय. ११३ म्हणजे ‘उनउनट्रियम’. ही नावं उच्चारताना जीभ वळत नाही आणि ती कुणाला आवडावीत हा हेतूही नव्हता. कुणीही त्यांच्या प्रेमात पडत नाही, हाच त्यांचा उपयोग.

१९८५ मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या आंतरराष्ट्रीय संघांनी मिळून एक गट नेमला. त्याने जुने निबंध चाळून १९९३ पर्यंत श्रेयांची वाटणी केली. १०४ आणि १०५ चं श्रेय बर्कली आणि दुबना यांना विभागून, १०६ चं बर्कलीला. आता नावं सुरळीत ठरायला हवी होती. पण मार्च १९९४ मध्ये बर्कलीने १०६ साठी ‘सीबोर्गियम’ जाहीर केलं आणि नवी ठिणगी पडली. सीबोर्ग तेव्हा हयात होता. ऑगस्टमध्ये आययुपॅकच्या समितीने हयात माणसाचं नाव नको असं म्हणत अख्खी यादीच नव्याने मांडली. १०४ डुबनियम, १०५ जोलियोटियम, १०६ रदरफोर्डियम, १०७ बोऱ्हियम, १०८ हानियम. जवळजवळ प्रत्येकाला दुसऱ्याचा क्रमांक मिळाला होता. अमेरिकन केमिकल सोसायटीने ती यादी धुडकावली आणि आपल्या नियतकालिकांत स्वतःचीच नावं चालू ठेवली.

हयात माणसाबाबतचा आक्षेप तसा दुबळा होता. १ नोव्हेंबर १९५२ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटावर पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याच्या राखेत दोन नवी मूलद्रव्यं सापडली. त्यांना आइनस्टाइन आणि फर्मी यांची नावं द्यायचं ठरलं तेव्हा दोघेही जिवंत होते. गुप्ततेमुळे घोषणा लांबली. फर्मी नोव्हेंबर १९५४ मध्ये गेला, आइनस्टाइन एप्रिल १९५५ मध्ये, आणि नावं त्यानंतर छापली गेली.

तडजोड झाली ती ऑगस्ट १९९७ मध्ये. १०४ रदरफोर्डियम, १०५ डुबनियम, १०६ सीबोर्गियम, १०७ बोऱ्हियम, १०८ हॅसियम, १०९ माइटनेरियम. प्रत्येकाने काहीतरी मिळवलं आणि काहीतरी सोडलं. कुर्चातोव्ह गेला. जोलियोटियम गेलं. ऑटो हान दोन वेगवेगळ्या क्रमांकांवर सुचवला जाऊनही शेवटी कुठेच उरला नाही. सीबोर्ग मात्र आणखी दीड वर्ष, फेब्रुवारी १९९९ पर्यंत, जगला. त्याचा पत्ता नुसत्या मूलद्रव्यांनी लिहिता आला असता : सीबोर्गियम, लॉरेन्सियम, बर्केलियम, कॅलिफोर्नियम, अमेरिसियम. माणूस, प्रयोगशाळा, शहर, राज्य, देश.

हानच्या जाण्याला एक न्यायाची बाजूही आहे. युरेनियमचा गर्भ दुभंगतो, हे हानच्या बर्लिनमधल्या प्रयोगांतून दिसलं. तसं का होतं, हे सांगितलं लिझे माइटनर आणि तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनी. ज्यू घराण्यातली म्हणून माइटनरला जुलै १९३८ मध्ये जर्मनीतून पळून जावं लागलं होतं. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला मिळालं. आवर्तसारणीत मात्र हान नाही, माइटनर आहे. खऱ्या, म्हणजे पुराणकथेतल्या नव्हे, अशा एकट्या स्त्रीचं नाव असलेलं ते एकमेव मूलद्रव्य; क्यूरियम हे मेरी आणि पिएर या दोघांचं.

या सगळ्या अनुभवानंतर २०१६ चा प्रसंग शांतपणे पार पडला, यात नवल नाही. ८ जूनला चार नावं जाहीर झाली, ८ नोव्हेंबरला हरकतींची मुदत संपली, २८ नोव्हेंबरला मंजुरी मिळाली. निहोनियमखेरीज दुबनाच्या प्रांतावरून मॉस्कोव्हियम, अमेरिकेच्या टेनेसी राज्यावरून टेनेसीन आणि दुबनाचे शास्त्रज्ञ युरी ओगानेसियन यांच्यावरून ओगानेसन. ओगानेसियन तेव्हा ८३ वर्षांचे होते. हयात असताना हा मान मिळालेले ते दुसरे, आणि या वेळी कुणी शब्दही काढला नाही. ते मूळ अर्मेनियन घराण्यातले; अर्मेनियाने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

टेनेसीनचा मान त्या राज्याला का, हे त्याच्या जन्मकथेत आहे. ११७ बनवायला दुबनाकडे कॅल्शियमचा झोत होता, पण ज्यावर तो मारायचा ते बर्केलियम नव्हतं. ते टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुभट्टीत कित्येक महिने शिजवून, शुद्ध करून २००९ मध्ये तयार झालं. सारं मिळून २२ मिलिग्रॅम. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ३३० दिवस, म्हणजे घड्याळ चालूच होतं. शिशाच्या डब्यांतला हा ऐवज प्रवासी विमानाने न्यूयॉर्कहून मॉस्कोला निघाला आणि कागदपत्रं अपुरी म्हणून रशियन सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तो परत पाठवला. एकदा नव्हे, दोनदा. पाच वेळा अटलांटिक ओलांडून बर्केलियम एकदाचं पोचलं आणि त्यातून सुरुवातीला टेनेसीनचे सहा अणू हाती लागले. त्याची ‘टीएस’ ही संज्ञा सेंद्रिय रसायनात ‘टोसिल’ या गटासाठी आधीपासून वापरात आहे. तरी ती राहिली, कारण अ‍ॅक्टिनियमची संज्ञा अशीच ‘अ‍ॅसिटिल’शी जुळते आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

नाव मंजूर झालं की ते प्रत्येक भाषेत उतरवायचं काम उरतं. मराठीत सोनं, तांबं, लोखंड, कथील, शिसं, पारा, गंधक ही जुनी मंडळी आपल्या नावाने नांदतात. नव्यांना आपण देवनागरीत लिहून मोकळे होतो. चिनी भाषेत तेवढ्याने भागत नाही. तिथे प्रत्येक मूलद्रव्याला एकच चित्राक्षर लागतं आणि त्या अक्षराच्या रचनेतूनच ते धातू आहे की वायू, हे कळतं. २०१७ मध्ये चीनने या चौघांसाठी चार अक्षरं जाहीर केली.

ओगानेसनने सातवी ओळ भरली. पुढचं ११९ वं मूलद्रव्य आठव्या ओळीचा पहिला रहिवासी असेल. रिकेनमध्ये त्यासाठी क्यूरियमवर व्हॅनेडियमचा मारा सुरू आहे. बर्कलीने २०२४ मध्ये टायटॅनियमचा झोत वापरून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवले, ते १२० च्या तयारीसाठी. तूर्त ११९ चं कागदावरचं नाव ‘उनउनेनियम’ आहे. खऱ्या नावाचं शेपूटही ठरलेलं आहे, कारण ते पहिल्या गणात बसणार, म्हणजे ‘इयम’. कुर्चातोव्हियम, हानियम, जोलियोटियम, मासुरियम आणि निप्पोनियम ही नावं त्याला मिळणार नाहीत. बाकी मैदान मोकळं आहे. नाव सुचवण्याचा हक्क शोधकांचाच राहील. पण ते जाहीर झाल्यावर हरकत नोंदवायला पाच महिने मिळतात, आणि हरकत घेण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.